मूल होण्याच्या गोळ्या : कोणती, केव्हा आणि कोणासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी घरखर्चाच्या बचतीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा कार्यकारिणीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी हा विषय आपणहून मागून घेतला. चिटणीसबाई प्रथम जरा बिचकल्या. "चारचौघींत हे कसे बोलायचे?" म्हणाल्या. मी म्हटले, चारचौघींत बोलत नाही म्हणूनच ते कानाकानांत बोलले जाते, आणि कानात सांगितलेले औषध तपासून बघायला कोणी जात नाही. त्यांना ते पटले, आणि म्हणून मी येथे उभी आहे.

मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई आहे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि आज मी कोणाला औषध सांगणारही नाही. पण गेली तीन वर्षे माझ्या बहिणीच्या मुलीबरोबर मी दवाखान्यांच्या बाकांवर बसले आहे. डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारले, त्यांनी दिलेली उत्तरे वहीत टिपली, आणि जे समजले नाही ते घरी कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून, समजावून घेतले. त्या वहीतले चार शब्द तुमच्यापुढे ठेवते. हेतू इतकाच की, आपल्यापैकी कोणाच्या लेकीसुनेच्या हाती अशी गोळी आली, तर तिने काय विचारावे हे तिला ठाऊक असावे.

बदलापूर लोकलच्या बायकांच्या डब्यात काय काय औषधे सांगितली जातात हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. भाजी निवडता निवडता एक म्हणते, "माझ्या जावेला त्या गोळीने दोन महिन्यांत राहिले." दुसरी लगेच नाव लिहून घेते. कल्याण यायच्या आत औषध ठरते, आणि संध्याकाळी केमिस्टकडून पाकीट घरी येते. सांगणारीचा हेतू चांगलाच असतो. पण जावेला कशासाठी दिली होती, हिला काय झाले आहे, हे कोणी विचारत नाही. म्हणून आधी ही गोळी करते काय, ते पाहू.

दर महिन्याला बाईच्या बीजकोशात एक बीज पिकते, बाहेर पडते आणि नळीत येते. तेथे पुरुषाच्या बीजाशी त्याची गाठ पडली तर गर्भ धरतो आणि पुढे पिशवीत येऊन रुजतो. म्हणजे चार गोष्टी जमून याव्या लागतात : बाईचे बीज पिकले पाहिजे, नळ्या मोकळ्या पाहिजेत, पुरुषाचे बीज पुरेसे व चपळ पाहिजे, आणि पिशवीचे अस्तर तयार पाहिजे. ज्या गोळ्यांविषयी आपण बोलत आहोत त्या या चारांपैकी फक्त पहिले काम करतात. बीज पिकवतात. नळी बंद असेल तर ती उघडत नाहीत, आणि नवऱ्यात दोष असेल तर बायकोने गिळलेल्या गोळीने तो जात नाही. ही एवढी एक गोष्ट आज घरी घेऊन गेलात तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

आता कोणी विचारील, किती दिवस वाट पाहावी? दोघे निरोगी असून एकत्र राहत असतील, तर शंभर जोडप्यांपैकी ऐंशीपंच्याऐंशी जणांकडे वर्षभरात गोड बातमी येते. म्हणून लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत तोच सुनेला दवाखान्यात ओढून नेऊ नये. वर्ष उलटले तर दोघांनी तपासून घ्यावे. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे, कारण वयाबरोबर बीजे कमी होतात. पाळी दोनदोन, तीनतीन महिने येतच नसेल तर मात्र वर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि हे दुःख आपल्याच घरी आले असेही कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, जगात सुमारे सहा माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. सहांत एक म्हणजे आपल्या चाळीच्या प्रत्येक मजल्यावर कोणीतरी असणारच.

आता माझ्या भाचीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेऊनच सांगते आहे. तिची पाळी दर महिन्याला ठरल्या दिवशी येणारी. लग्नाला दोन वर्षे झाली तेव्हा सासूबाई तिला एका दवाखान्यात घेऊन गेल्या. तेथे गोळ्या लिहून दिल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला बोलावले होते, पण गर्दीत खाडा करून कोण जाणार? जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून पाकिटे आणत गेले. असे चौदा महिने चालले. दर महिन्याला पाच दिवस गोळ्या, अंगातून गरम वाफा, डोके जड, आणि महिनाअखेरीस तेच रडे. घरात दुसऱ्या लग्नाची कुजबुजही सुरू झाली. या चौदा महिन्यांत तिच्या नवऱ्याची एकही तपासणी झाली नव्हती.

पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?" जावई कारखान्यात भट्टीजवळ काम करणारे. आठ दिवस कुरबुरले, पण गेले. रिपोर्ट आला तो असा की, पुरुषबीजांची संख्या फारच कमी. म्हणजे जिला काही झाले नव्हते ती चौदा महिने औषध खात होती, आणि ज्याला उपचार हवा होता तो दर संध्याकाळी चहा पिऊन पेपर वाचत होता. जावयांचाही यात दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

भगिनींनो, पुरुषाची तपासणी ही सगळ्यांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. सुई नाही, कापणे नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, बस्स. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणाबरोबर असते. भट्टीची उष्णता, तंबाखू, दारू, काही रसायने यांनी बीज कमी होते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आपल्यापैकी कित्येकींचे यजमान कामाला आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. नवीन पुरुषबीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा सवय बदलली तर तिचा गुण दिसायलाही तितका धीर धरावा लागतो. तात्पर्य, बायकोने पहिली गोळी घेण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट हातात असावा.

आता गोळ्यांकडे वळू. मुख्य गोळ्या दोन. एकीचे नाव क्लोमिफीन, दुसरीचे लेट्रोझोल. पाकिटावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते, आणि ही खरी नावे खाली बारीक अक्षरांत. चष्मा लावून ती वाचावीत. दोन निराळ्या रंगांची पाकिटे दोन निराळी औषधे समजून एकदम घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन्हींवर नाव एकच होते.

या दोन गोळ्या काम कसे करतात ते डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले, आणि मी ते माझ्या स्वयंपाकघरात बसवून घेतले. समजा, घरात सासूबाई साखरेच्या डब्यावर लक्ष ठेवून आहेत. डबा भरलेला दिसला की त्या स्वस्थ बसतात. रिकामा दिसला की वाण्याकडे माणूस धाडतात. आपल्या मेंदूचे असेच आहे. अंगात इस्ट्रोजन नावाचा स्त्रीरस पुरेसा दिसला की मेंदू स्वस्थ. कमी दिसला की मेंदू बीजकोशाला हुकूम सोडतो, "बीज पिकव." क्लोमिफीन काय करते? ती सासूबाईंच्या डोळ्यांवर पडदा धरते. डब्यात साखर असूनही त्यांना दिसत नाही, आणि त्या वाण्याकडे माणूस धाडतात. लेट्रोझोल पडदा धरत नाही. ती चार दिवस साखर घरात येणेच कमी करते. डबा खरोखरच उणा होतो, आणि हुकूम सुटतो. दोन्हींचा शेवट एकच, पण वाटा वेगळ्या.

वाट वेगळी म्हणून गुणदोषही वेगळे. क्लोमिफीन अंगात बरेच दिवस, कित्येक आठवडे रेंगाळते. तिचा पडदा मेंदूपुरता राहत नाही, पिशवीवरही पडतो. त्यामुळे काही बायकांत बीज तर पिकते, पण पिशवीचे अस्तर पातळ राहते आणि गर्भ रुजत नाही. शेतात बी पेरले, पण मातीच उथळ, तसे हे. लेट्रोझोल काही दिवसांतच अंगातून निघून जाते. बीज बाहेर पडेपर्यंत इस्ट्रोजन पुन्हा वाढलेला असतो, आणि अस्तराला फारसा धक्का लागत नाही.

क्लोमिफीन ही थोरली. तिच्याविषयी पहिली माहिती १९६१ साली छापून आली आणि अमेरिकेत १९६७ साली तिला परवानगी मिळाली. आपल्यापैकी कित्येकींच्या वेळी हीच एक गोळी होती, आणि तिने पुष्कळ घरांत पाळणे हलवले, हे नाकारता येणार नाही. लेट्रोझोल ही धाकटी. ती मुळात पाळी गेलेल्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी निघाली, आणि मूल होण्यासाठी तिचा उपयोग होतो हे २००१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी प्रथम छापले.

मग दोहोंत सरस कोणती? याचे उत्तर "कोणासाठी?" या प्रश्नावर अवलंबून आहे. ज्या बायकांना पी.सी.ओ.एस. म्हणतात तो विकार असतो, म्हणजे पाळी लांबते, बीज वेळेवर पिकत नाही, काहींना वजन वाढते, हनुवटीवर लव येते, त्यांच्यापुरते उत्तर आज बरेच स्पष्ट आहे. २०१४ साली अमेरिकेत अशा ७५० बायकांची मोठी चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरी गोळी दिली, आणि पाच पाळ्यांपर्यंत पाहिले. लेट्रोझोल घेणाऱ्या ३७४ बायकांपैकी १०३ जणींना मूल झाले, म्हणजे शेकडा २७.५. क्लोमिफीन घेणाऱ्या ३७६ पैकी ७२ जणींना, म्हणजे शेकडा १९.१. क्लोमिफीनवाल्यांना अंगातून वाफा जास्त आल्या, लेट्रोझोलवाल्यांना थकवा आणि चक्कर जास्त. पुढे २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, पी.सी.ओ.एस.च्या बाईला बीज पिकवण्यासाठी पहिली गोळी लेट्रोझोल असावी, असे सांगितले आहे.

पण हे आकडे नीट ऐका. सरस गोळीनेही शंभरांतल्या बहात्तर जणींना त्या पाच पाळ्यांत मूल झाले नाही. म्हणून शेजारणीला राहिले आणि मला नाही, याचा अर्थ माझ्यात काही पाप आहे असा होत नाही. आकडाच तसा आहे.

आणखी एक. कारण सापडत नाही, पाळी नियमित आहे, नळ्या मोकळ्या आहेत, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक आहे, अशा जोडप्यांत लेट्रोझोल सरस ठरत नाही. २०१५ साली अशा ९०० जोडप्यांची चाचणी छापून आली. त्यांना औषधाबरोबर पुरुषबीज पिशवीत सोडण्याचा उपायही केला होता. तेथे क्लोमिफीनने शेकडा २३.३ आणि लेट्रोझोलने शेकडा १८.७ जणींना मूल झाले. हा फरक इतका थोडा की तो योगायोगाचाही असू शकेल. आणि ज्या बाईचे बीज दर महिन्याला आपोआप पिकते, तिला नुसत्या गोळ्या देऊन फारसे काही साधत नाही. जे काम आधीच चालले आहे त्याला गोळी काय करणार?

तिसरे नाव तुम्ही ऐकले असेल ते मेटफॉर्मिन. ही मधुमेहाची गोळी. पी.सी.ओ.एस.मध्ये ती दिली की सासरचे म्हणतात, "हिला साखरेचा आजार लपवून आमच्या गळ्यात बांधली." तसे नाही. या विकारात अंगातल्या इन्सुलिनचे गणित बिघडलेले असते, ते सुधारण्यासाठी ती देतात. परंतु मूल होण्यासाठी ती एकटी दुबळी आहे. २००७ साली ६२६ बायकांच्या चाचणीत एकट्या मेटफॉर्मिनने शेकडा ७.२ जणींना मूल झाले, एकट्या क्लोमिफीनने २२.५, आणि दोन्ही मिळून २६.८. वजन जास्त असलेल्या बाईने शंभरांत पाच किलो, म्हणजे सत्तर किलोच्या बाईने साडेतीन किलो वजन उतरवले, तरी कित्येकदा पाळी रुळावर येते. त्याला चिठ्ठी लागत नाही.

आता एक गोष्ट सांगते ती आपल्या देशातली आहे, आणि तिच्यामुळे कित्येक घरांत घबराट झाली. आमच्या शेजारच्या एका सुनेला लेट्रोझोल लिहून दिली. तिच्या दिराने मोबाईलवर नाव घालून पाहिले, तर पहिल्याच ओळीत "कर्करोगाचे औषध". पुढे "भारतात बंदी" असेही आले. घरात आकाश कोसळले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यापासून काय लपवता?" सुनेने गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि दवाखाना सोडला.

खरी हकीकत अशी. २००५ साली कॅनडातल्या एका डॉक्टरांच्या परिषदेत काहींनी सांगितले की, लेट्रोझोल घेतलेल्या आयांच्या मुलांत व्यंग जास्त दिसते. त्यांनी १५० मुले पाहिली होती, आणि त्यांची तुलना छत्तीस हजारांहून अधिक साधारण बाळंतपणांशी केली होती. ही तुलनाच समान नव्हती. ज्या बायकांना उपचाराने मूल होते त्यांचे वय जास्त असते, प्रकृतीची अडचण असते. २००६ साली उपचारानेच मूल झालेल्या आयांची ९११ मुले पाहिली, तेव्हा लेट्रोझोलच्या मुलांत व्यंगाचे प्रमाण शेकडा २.४ आणि क्लोमिफीनच्या मुलांत ४.८ आढळले. म्हणजे भीतीला आधार सापडला नाही.

आपल्याकडे २००७ साली या गोळीला वंध्यत्वासाठी परवानगी मिळाली. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने त्या कामासाठी तिच्यावर बंदी घातली. कर्करोगासाठी ती चालूच होती. पुढे मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या अहवालात, या औषधाला पुरेशी तपासणी न होता परवानगी कशी मिळाली म्हणून ठपका ठेवला. त्यानंतर जगात मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांतली २०१४ ची मी आताच सांगितली, आणि २०१७ साली आपल्या सरकारने बंदी उठवली. आज ज्यांचे बीज पिकत नाही अशा बायकांसाठी ती भारतात रीतसर देता येते.

या हकीकतीतून मी दोन धडे घेतले. पहिला हा की, परवानगी देताना सरकारने कसून पाहिलेच पाहिजे, कारण गोळी आपल्या पोटात जाते. जे त्या वेळी ओरडले त्यांचे ओरडणे वाया गेले नाही. दुसरा हा की, बातमी जुनी झाली तरी मोबाईलमध्ये ती ताजीच दिसते. तारीख पाहिल्याशिवाय घाबरू नये, आणि डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय गोळ्या टाकू नयेत. मूळचे काम कर्करोगाचे म्हणून कोणाला कर्करोग झाला असे होत नाही. हळद जखमेवर लावतात आणि भाजीतही घालतात.

आता विचारायचे काय, ते क्रमाने सांगते. चिठ्ठी हातात पडली की लाजू नका. पहिला प्रश्न : माझे बीज पिकत नाही हे कशावरून ठरवले? दुसरा : यजमानांचा रिपोर्ट पाहिला का? तिसरा : माझ्या नळ्या तपासायच्या का? आपल्या देशात क्षयाने नळ्या बंद होतात हे विसरू नका. तो क्षय छातीत दिसत नाही, खोकला नसतो, पण नळ्या खाऊन टाकतो. चौथा : थायरॉइडची तपासणी झाली का? पाचवा : सोनोग्राफी केव्हा करायची? गोळ्या संपल्यावर बीज किती वाढले ते सोनोग्राफीने दिसते. एकाऐवजी तीन बीजे वाढली तर तेही दिसते. सहावा : किती महिने घ्यायच्या, आणि नाही जमले तर पुढे काय? क्लोमिफीन साधारण सहा पाळ्यांपलीकडे ओढू नये असे सांगतात. माझ्या भाचीचे चौदा महिने तुम्ही ऐकलेतच.

गोळी सुरू करण्याआधी दिवस गेलेले नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. गर्भ असताना या गोळ्या घेऊ नयेत. क्लोमिफीन घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली, ठिपके दिसू लागले, तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे. पोट फुगून फार दुखू लागले तर रात्र काढू नये. जुळ्यांचीही तयारी ठेवावी. क्लोमिफीनने राहिलेल्या शंभर जणींत सातआठ जणींना जुळे असते, लेट्रोझोलने त्याहून कमी आढळते. "एका खर्चात दोन" असे आपण हसून म्हणतो, पण जुळे बाळंतपण आईला आणि बाळांना दोघांनाही जड जाते.

आणि एक विनवणी. आपले उरलेले पाकीट दुसरीला देऊ नका. साडी उसनी द्यावी, दागिना द्यावा, गोळी देऊ नये.

लोकलच्या डब्यात आणि स्टेशनच्या भिंतींवर चिकटवलेले कागद आपण रोज पाहतो. "निःसंतानांना हमखास संतान", "मुलगाच होईल". भगिनींनो, १९५४ सालचा एक कायदा आहे. त्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायलाच मनाई आहे त्यांत बायकांचे वंध्यत्वही आहे. म्हणजे असा कागद चिकटवणारा पहिल्या अक्षरापासूनच कायदा मोडतो. आणि मुलगा की मुलगी हे पुरुषबीजावर ठरते. बाईने खाल्लेल्या कुठल्याही पुडीने ते बदलत नाही.

खर्चाची धास्ती सर्वांनाच असते. खासगी दवाखान्याच्या पाटीवर जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचा स्त्रीरोग विभाग पाहावा. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. गोळ्यांनी जमले नाही तर पुढचे उपाय असतात, पण ते मोठे आणि खर्चाचे. आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आज अशी केंद्रे गल्लोगल्ली झाली आहेत. २०२१ सालच्या कायद्याने त्यांना नोंदणी सक्तीची आहे. दागिने मोडण्याआधी नोंदणीचा कागद दाखवा म्हणावे.

हे सर्व झाले औषधाचे. पण ज्या बाईला मूल नाही तिचे निम्मे दुखणे औषधाच्या बाहेरचे असते. "काय, काही बातमी?" हा प्रश्न तिला किती जणींनी विचारावा? नळावर विचारतात, लग्नात विचारतात, डोहाळजेवणाला तिला मागे बसवतात, बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हाती देत नाहीत. हे पुरुष करीत नाहीत, भगिनींनो. हे आपण करतो. माझ्या भाचीच्या घरी दुसऱ्या लग्नाचे निघाले तेही बायकांच्याच तोंडून निघाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली बायको असताना, घटस्फोट झालेला नसताना, दुसरे लग्न करताच येत नाही, हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितले तेव्हा कुजबुज थांबली.

तिच्या घरी अजून पाळणा हललेला नाही. जावयांचे उपचार चालू आहेत, तंबाखू सुटली आहे, आणि भट्टीवरून त्यांनी दुसऱ्या खात्यात बदली मागितली आहे. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. पण परवा सासूबाई मला म्हणाल्या, "दोघांना घेऊन दवाखान्यात जायचे आहे, तुम्ही याल का?" पूर्वी त्या "हिला घेऊन" असे म्हणत. हिला म्हणण्याऐवजी दोघांना म्हणायला त्या घराला तीन वर्षे लागली. आपल्या घरांना इतकी लागू नयेत.

शेवटी कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवते. पहिली, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात येणाऱ्या प्रत्येकीची ओटी भरली जावी. मूल आहे की नाही, हे कोणी पाहू नये. दुसरी, वर्षातून एकदा एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलवावे, आणि त्या दिवशी यजमानांनाही बरोबर आणण्याचा आग्रह धरावा. सतरंज्या आम्ही घालू, चहा आम्ही करू, त्यांनी नुसते येऊन बसावे आणि ऐकावे.